दोन ओळी वरचा अर्थ

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून द्या, असं सांगायला संपादक घरी आले, तेव्हा माझी बायको आतल्या खोलीतून म्हणाली, "यांचा कसला धंदा! जन्मभर दुसऱ्यांचीच वाक्यं लिहिली यांनी. स्वतःचं एक तरी लिहिलंय का?" संपादक हसले, मीही हसलो. पण बाई बोलली ते खरं होतं. त्यामुळे ही माझी पहिलीच स्वतःची वाक्यं, वाचकांनी जरा सांभाळून घ्यावं.

मी तर्जुमेवाला. तर्जुमा म्हणजे भाषांतर. निजामाचं राज्य जाऊन इतका काळ लोटला, तरी आमच्या परभणीकडे कोर्टाच्या आवारात कुणी 'अनुवाद करून द्या' म्हणत नाही, 'तर्जुमा करून द्या' असंच म्हणतात. कोर्टाच्या भिंतीबाहेर कडुलिंबाखाली एक पत्र्याची टपरी होती. तिच्यात दोन टेबलं. एका टेबलाशी खाँसाहेब बसत. त्यांच्याकडे उर्दू कागद. दुसऱ्या टेबलाशी मी, माझ्याकडे इंग्रजी. सरकारी नेमणूक आम्हा दोघांनाही नव्हती. वकील पाठवत, पक्षकार येत, आम्ही तर्जुमा करायचा आणि खाली 'मूळ कागदाबरहुकूम खरा आहे' असं शपथेवर लिहून सही करायची. त्या एका ओळीवर आमची सगळी इभ्रत.

तुम्ही म्हणाल, परभणीत इंग्रजी कागद कुठून? तर हैदराबादेत नोकरीला असलेली आमच्याकडची माणसं, तिथले मोठे वकील, कापसाचे जिनिंगवाले, मिशनचे दवाखाने, यांचे बरेच कागद इंग्रजीत असत. ते ट्रंकेत पडून राहत. मग दोन पिढ्यांनी भावाभावांत वाजलं की ट्रंक उघडायची, कागदाची घडी मोडायची आणि माझ्यासमोर यायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंग्रजी येतं त्याला इंग्रजी कागद वाचता येतो. तसं नाही. या कागदांतले शब्द तोंडओळखीचे असतात आणि तिथंच घात होतो. 'इश्यू' म्हणजे आपल्याला वाटतं भांडण, मुद्दा. जुन्या कागदात 'इश्यू' म्हणजे मूलबाळ. माझ्या आधी त्या टेबलावर जे गृहस्थ बसत, त्यांनी एका वारसाच्या कागदात 'अमुक हे विदाउट इश्यू वारले' याचं मराठी केलं होतं, 'अमुक हे कसलीही तक्रार न करता वारले.' गंमत म्हणजे मयताच्या पुतण्याला ते वाचून भरून आलं. म्हणाला, "व्हय, काका तसाच होता. शेवटपर्यंत कोनाला काही बोल्ला न्हाई."

'डिमाइज'चंही तसंच. आज डिमाइज म्हणजे निधन. जुन्या भाडेपट्ट्यात डिमाइज म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी ताब्यात देणं. एक म्हातारे आडत व्यापारी दुसरीकडून करून घेतलेला तर्जुमा घेऊन तणतणत आले. त्यात लिहिलं होतं, 'मालक या लेखाद्वारे भाडेकरूसाठी मरण पावत आहे.' कागदावर बोट आपटत म्हणाले, "मी जित्ता हाय का न्हाई, तुमीच बगा. गोदाम दिलं म्हून जीव बी द्यायचा का?" खाँसाहेब इतके हसले की त्यांच्या तोंडातलं पान माझ्या टेबलावर आलं.

अशा चुका काढायला मला फार आवडायचं, हे कबूल करतो. माझं शिक्षण बेताचं. बी.ए. नापास. पण माझ्याकडे एक डिक्शनरी होती. रद्दीच्या दुकानात वजनावर घेतलेली, पुठ्ठा उडालेला, सुरुवातीची पानं नाहीत, पण उशीएवढी जाड. तिच्यात एकेका शब्दाचे सगळे अर्थ दिलेले, आजचे, कालचे आणि आजोबांच्या आजोबांच्या काळातले. आता कुणी वापरत नाही अशा अर्थापुढे बारीकशी खूण असे. मी नेमके ते खुणेचे अर्थ लाल पेन्सिलीनं अधोरेखित करत असे. संध्याकाळी टपरी बंद झाल्यावर लोक चहाला जात, मी डिक्शनरी वाचत बसे. साध्या शब्दाच्या पोटात एखादा विचित्र, विसरलेला अर्थ सापडला की मला काहीतरी घबाड हाती लागल्यासारखं वाटे. हळूहळू वकील मंडळींत नाव झालं. 'जुनं इंग्रजी असलं तर लिंबाखालच्याकडे जा.' त्या नावाचा मला फार अभिमान होता. आज त्याच अभिमानाबद्दल लिहायचं आहे.

खाँसाहेबांना माझी ही सवय पसंत नव्हती. त्यांची कामाची पद्धत वेगळी. कुणी एक पान आणलं की ते हात लावत नसत. "बाकी कागद किधर है?" म्हणून विचारत. नसेल तर परत पाठवत. मला म्हणत, "पूरा कागद देखे बगैर कलम नक्को चलाओ. लफ्ज अकेला बैठा तो झूट बोलता." मी मान डोलावत असे. मनात म्हणत असे, यांच्याकडे डिक्शनरी नाही म्हणून यांना अख्खा कागद लागतो.

मधल्या काळात एक बाई आल्या होत्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या एका जुन्या दाखल्यात नावापुढे 'स्पिन्स्टर' लिहिलं होतं आणि कुणीतरी त्याचं 'सूत कातणारी' केलं होतं. शब्दाचा मूळ अर्थ तोच, पण कागदात तो अविवाहित बाईसाठी येतो. मी त्यांना हे मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. बाई दाखला हातात फिरवत म्हणाल्या, "सूत कातणारीच राहू दिलं तर चालणार नाही का हो? ते बरं वाटतं ऐकायला." मी म्हणालो, चालणार नाही. 'अविवाहित' लिहिलं, शिक्का मारला, कागद दिला. बरोबरच केलं मी. पण शब्द ज्याच्याबद्दल असतो त्याला तो ऐकावा लागतो, हे तेव्हा त्या बाईंनी मला सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात काही ते शिरलं नाही.

आता सुभद्राबाईंचं सांगतो.

देवगाव फाट्यापासून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथून सुभद्राबाई आल्या. वय सत्तरीच्या अलीकडे, हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद. नवरा लवकर गेल्यामुळे त्या माहेरच्या गावीच राहत होत्या. वडील हैदराबादेत एका कचेरीत नोकरीला होते. त्यांनी आपल्या पश्चात कुणाला काय, हे तिथंच इंग्रजीत टाइप करून घेतलं होतं. विहिरीजवळचा तुकडा लेकीला, बाकीचं मुलाला. वडील गेल्यावरही बरीच वर्षं बहीण-भावाचं नीट चाललं. मग भावाची मुलं मोठी झाली आणि तो तुकडा त्यांच्या डोळ्यावर आला. दावा लागला होता.

"कोर्टात लावायला तर्जुमा पायजे म्हन्ले वकील," त्या म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून, "आन् मला बी ऐकायचंय, बाबानं माझ्याबद्दल काय लिव्हलंय ते. मी परकर घालायचे तवाचा कागद हाय. आजवर कोनी वाचूनच दावला न्हाई."

कागद म्हणजे दुसरं पान होतं. वाक्य मधूनच सुरू झालेलं. पहिलं पान भावाकडे आहे असं त्या म्हणाल्या. खाँसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पानावर तिसऱ्या ओळीत होतं, 'माय नॅचरल डॉटर सुभद्रा'.

नॅचरल डॉटर! माझे डोळे चमकले. साध्या माणसानं त्याचं 'नैसर्गिक कन्या' असं काहीतरी केलं असतं. पण मला माहीत होतं. डिक्शनरीत 'नॅचरल'खाली लाल पेन्सिलीनं मी स्वतः रेघ मारलेली होती. मुलगा किंवा मुलगी यांच्याबद्दल वापरला असता, लग्नाबाहेर झालेलं अपत्य. विलायतेतल्या जुन्या कागदांत राजेरजवाड्यांच्या अशा मुलांना नॅचरल सन म्हणत. मी डिक्शनरी उघडून खात्रीही करून घेतली. रेघ होती, अर्थ होता. मी टाइप केलं, 'माझी अनौरस कन्या सुभद्रा हीस'.

टाइप करताना हात थांबला नाही असं नाही. समोर बाई बसल्या होत्या, पदर सारखा करत, आपल्याबद्दल बाबांनी काय लिहिलंय ते ऐकायला. मी वाचून दाखवलं. त्या शब्दापाशी आवाज आपोआप खाली गेला.

"अनवरस म्हंजी काय वो?" त्यांनी विचारलं.

इथं खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं, तर त्या तिथल्या तिथं उसळून उठल्या असत्या, 'माझी माय लग्नाची होती' म्हणाल्या असत्या, आणि कदाचित मी डिक्शनरी पुन्हा उघडली असती. पण एका म्हाताऱ्या बाईला तोंडावर हे कसं सांगायचं, म्हणून मी म्हणालो, "कोर्टातला शब्द आहे. जुना आहे. तुमच्या हिश्श्याला त्यानं काही होत नाही."

"मंग आसू द्या," त्या म्हणाल्या. कागद वर्तमानपत्रात गुंडाळताना त्यांनी तो एकदा कपाळाला लावला.

अशा रीतीनं त्या बाईनं स्वतःच्या हातानं तो कागद कोर्टात दाखल केला. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. साक्षीच्या दिवशी भावाच्या वकिलांनी तो तर्जुमा उभ्यानं वाचला. गावातली दहा-पंधरा माणसं मागे बसलेली. वकिलांनी 'अनौरस' वाचलं, थांबले आणि विचारलं, "बाई, तुमच्या आई तुमच्या वडिलांच्या लग्नाच्या नव्हत्या, हे खरं आहे का?" बाईंना प्रश्नच कळेना. वकिलांनी तो तीनदा, दर वेळी अधिक सोपा करून विचारला. तिसऱ्यांदा इतका सोपा केला की मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

महिनाभरानं भाऊ आला. नामदेव त्याचं नाव. पन्नाशी उलटलेला, धोतर-टोपीतला. त्याला दत्तक असल्याचा पुरावा हवा होता, म्हणून त्यानं वडिलांच्या कागदाचं पहिलं पान आणलं होतं. "दत्तकाचं तेवढं नीट लिव्हा," म्हणाला.

मी वाचायला लागलो. पहिल्याच परिच्छेदात होतं, मला नॅचरल सन नाही, सबब मी माझ्या भावाचा मुलगा नामदेव यास दत्तक घेतलं आहे. आणि माझी पत्नी राधाबाई हिच्यापासून झालेली माझी एक नॅचरल डॉटर आहे.

ती ओळ मी पुन्हा वाचली. माझ्या हिशेबानं वाक्य असं होत होतं की, मला अनौरस मुलगा नाही म्हणून मी दत्तक घेतो. असं कोण लिहील? हैदराबादेतल्या त्या कुणा कारकुनानं साधासुधा शब्द वापरला होता. दत्तक नव्हे, ती नॅचरल. पोटची.

डिक्शनरी काढली. लाल रेघेच्या दोन ओळी वर, त्याच शब्दाखाली, त्याच बारीक टायपात लिहिलेलं होतं. मुलगा किंवा मुलगी यांच्याबद्दल वापरला असता, स्वतःच्या रक्ताचं, दत्तक नव्हे ते. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. त्या पानावरून माझी नजर कितीतरी वेळा गेली असेल. वरचा अर्थ सोपा होता म्हणून मी त्याला रेघ मारली नव्हती.

मी नामदेवला विचारलं, "सुभद्राबाई तुमच्या वडिलांच्या पोटच्याच ना?"

"मंग काय," तो म्हणाला. "मी दत्तक, ती पोटची. आक्ख्या गावाला ठावं हाय. मला कडेवर घेऊन फिरायची ती."

"मग कोर्टात तुमच्या वकिलांनी असं कसं विचारलं?"

तो जरा घुटमळला. "आमाला बी नवलच वाटलं. पर वकीलसाहेब म्हन्ले, कागदात तसंच लिव्हलंय. इंग्रजीत लिव्हलंय म्हंजी काहीतरी आसंलच की. मोठ्या मानसाच्या जुन्या भानगडी कोनाला ठावं? गावात बी लोक तसंच बोलायलेत आता."

हे मला आजही सहन होत नाही. राधाबाईंच्या लग्नात जेवलेली माणसं त्या गावात तेव्हाही एक-दोन हयात असतील. पण इंग्रजी कागद आणि खाली माझी सही, यापुढे त्यांची आठवण फिकी पडली. डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी सोडून दिलं आणि माझा शब्द धरला.

खाँसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "बाई को बोले क्या?" मी म्हणालो, दुरुस्ती देतो. ते म्हणाले, "वो तो कागद को बोलना हुआ. बाई को कब बोलते?"

मी दुरुस्तीपत्र केलं. 'अनौरस' या शब्दाऐवजी 'पोटची, औरस' असं वाचावं, चूक सर्वस्वी अनुवादकाची आहे, असं शपथेवर लिहिलं आणि सुभद्राबाईंच्या वकिलांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, म्हणाले, "अहो, निकालावर याचा काडीचा फरक पडत नाही. वडिलांनी लेकीचं नाव घेऊन लिहून दिलंय, ती औरस असो नाहीतर आणखी काही. लावून टाकतो फाईलला." लावून टाकलं. चूक भर कोर्टात वाचली गेली, दुरुस्ती दोऱ्यानं शिवून फायलीत गेली. पुढे दोघांत तडजोड झाली, विहिरीचा तुकडा बाईंना मिळाला आणि दावा संपला.

मला जायला हवं होतं. परभणीहून देवगाव फाटा असा कितीसा लांब आहे? पहिल्या महिन्यात म्हटलं, दावा चालू आहे, आत्ता पक्षकाराच्या घरी जाणं बरं दिसणार नाही. मग म्हटलं, तडजोड झाली, जुन्या जखमेवरची खपली कशाला काढा. मग खाँसाहेब वारले. मग टपरी रस्तारुंदीकरणात जाणार अशी आवई उठली. कारणांना काही तोटा नव्हता. खरं कारण एकच. मला त्या बाईच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. तिनं 'म्हंजी काय वो' असं विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो, हे तिला आतापर्यंत कळलं असणार. असं करत करत आठ वर्षं काढली मी.

काम करत राहिलो. पण डिक्शनरीला पुन्हा लाल पेन्सिल लावली नाही. अर्धा कागद घेऊन कुणी आलं की मीही 'बाकीचा कुठे आहे' म्हणून परत पाठवायला लागलो. लोक कुरकुर करत, "तुमी बी खाँसाहेबासारखंच करायलाव की."

गेल्या वर्षी टपरी बंद करायच्या आधी शेवटच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त गुरुजी आले. लेकीकडे परदेशी निघाले होते. पासपोर्टमध्ये पहिल्या पानावर जे लिहिलेलं असतं, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यात 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असे शब्द आहेत. गुरुजींचं म्हणणं, लेट म्हणजे जाऊ देणं, मग 'विदाउट लेट' म्हणजे जाऊ देऊ नका असं होतं का? शिक्षकी शंका. मी त्यांना सांगितलं की जुन्या इंग्रजीत 'लेट'चा दुसरा अर्थ अडथळा असा होता, तो आता फक्त अशा कागदांतच जिवंत आहे. गुरुजी खूश झाले. म्हणाले, "शब्दाचं काय सांगावं. आमच्या गावात बघा, एका म्हातारीला सगळे अनवरस आत्या म्हणतात. लहान पोरं तर हाकच तशी मारतात. अर्थ त्यांना कुठला माहीत असणार. मी नोकरीमुळे कायम बाहेर, मला वाटायचं, अननसासारखं काही असेल."

मी गाव विचारलं. त्यांनी तेच नाव सांगितलं.

गुरुजींना निरोप दिला आणि जुन्या फायलींतून त्या दोन्ही पानांच्या नकला शोधून काढल्या. मी टाइप केलेला शब्द त्या गावानं टोपणनाव म्हणून घरात घेतला होता. मी लाज वाटते म्हणून आठ वर्षं घरी बसलो होतो आणि ती बाई आठ वर्षं त्या नावाला ओ देत होती.

दुसऱ्या दिवशी बसनं फाट्यावर उतरलो, तिथून रिक्षानं गावात. दोन्ही पानांचा नवा तर्जुमा बरोबर घेतला होता. सुभद्राबाई घरापुढच्या ओट्यावर तुरी निवडत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कोन?"

मी पुन्हा सांगितलं. परभणीचा तर्जुमेवाला.

"मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई."

मी ओरडून सांगितलं. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली. मी ओट्यावर टेकलो आणि जवळ सरकून म्हणालो, "माफी मागायला आलोय. तुमच्या कागदात माझी चूक झाली."

"काय झाली?"

"चूक!"

"कोनाची?"

"माझी! चूक माझी झाली!"

समोरच्या पारावरचे दोघे-तिघे उठून आले. एक सायकलवाला थांबला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं बोलणं होतं ते, हळू आवाजात, एकांतात बोलायचं. ते आता मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं केकाटत होतो. कागद काढला आणि वाचला, 'माझी पत्नी राधाबाई हिच्यापासून झालेली माझी एक पोटची मुलगी आहे... माझी पोटची मुलगी सुभद्रा हीस...'

"पुन्हा वाचा. कळलं न्हाई."

पुन्हा वाचला. या वेळी शेजारच्या बाईनं डोक्यावर पदर घेतला.

"बायको कोन लिव्हलंय?"

"राधाबाई! लग्नाची पत्नी राधाबाई!" 'लग्नाची' हा शब्द मुळात नव्हता. माझ्या आयुष्यात मूळ कागदाबाहेरचा एवढा एकच शब्द मी जाणूनबुजून घातला, आणि त्याची मला लाज नाही.

"आजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा वीसेक माणसं जमली होती आणि माझा घसा बसला होता. एक म्हातारा खाली बघत पुटपुटला, "आमाला काय, कागदात व्हतं म्हून..." मग एकेक जण पांगले. सुभद्राबाईंनी माझ्याकडून कागद घेतला, घडी केली आणि मांडीखाली ठेवला. या वेळी कपाळाला लावला नाही.

"नामदेव पायजे व्हता," त्या म्हणाल्या. "गेला दोन सालाआधी. मातीला बी मला कोनी पुढं होऊ दिलं न्हाई. अनवरस बाईचा हात लागू नये म्हन्ले."

तेवढ्यात दाराच्या चौकटीशी, माझ्या पाठीमागे, एक पाच-सहा वर्षांची पोर वाटी घेऊन येऊन उभी राहिली. दबक्या आवाजात, मलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "अनवरस आत्या, आईनं विरजण मागितलंय."

"चुलीमागं मडकं हाय, घे बाय," सुभद्राबाई तुरीवरची नजर न काढता म्हणाल्या.

पोर आत गेली. मला क्षणभर उमजलं नाही. मग मी अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणालो, "तुम्हाला तर ऐकू येतंय."

त्यांनी सूप उचललं.

"येतंय की," त्या म्हणाल्या. "आठ वर्सं झाली, समदं ऐकायलेच हाय मी."